फलटणच्या पोरी आणि पाबळचा पल्ला

१० सप्टेंबर २०२५. चीनमधलं हांगझोऊ. महिलांच्या आशिया चषकातला ‘सुपर फोर’चा सामना, समोर दक्षिण कोरिया. खेळ सुरू होऊन प्रेक्षक नीट बसलेही नसतील, तोच दुसऱ्या मिनिटाला भारताचा गोल झाला. पुढे संगीता कुमारी आणि लालरेमसियामी यांनी एकेक गोल केला, कोरियाने दोन फेडले. ३-२ ही आघाडी कधीही हातची जाईल असं वाटत असताना ५९व्या मिनिटाला चौथा गोल झाला आणि सामना मिटला. फलकावरचं पहिलं नाव होतं वैष्णवी विठ्ठल फाळके, शेवटचं ऋतुजा दादासो पिसाळ. दोघीही सातारा जिल्ह्यातल्या, फलटणकडच्या.

भारतीय महिला हॉकीसंघाच्या यादीत ही दोन नावं नजरेत भरतात ती त्यांच्या लांबीमुळे. आजूबाजूला नेहा, दीपिका, ज्योती, उदिता अशी एका शब्दात संपणारी नावं, आणि मध्येच दहावीच्या प्रमाणपत्रावर असतं तसं वडिलांच्या नावासकट पूर्ण मराठी नाव. ऋतुजाच्या नावाचं स्पेलिंग तर यादीगणिक बदलतं. ‘दादासो’ मात्र सहसा सुटत नाही. समालोचक परदेशी असो की दिल्लीचा, ते नाव उच्चारताना तो क्षणभर अडखळतो.

हा संघ सध्या नव्याने बांधला जातोय. त्या बांधकामात फलटणची ही नावं कशी आली, आणि तसंच एखादं नाव पुणे जिल्ह्यातल्या पाबळसारख्या गावातून यायचं तर मध्ये किती पल्ला आहे, हे दोन्ही एकाच गोष्टीचे भाग आहेत.

चढ कमी, उतार फार

टोकियो ऑलिंपिकमध्ये हा संघ चौथा आला, तेव्हा कांस्यपदक हुकल्याच्या दुःखापेक्षा आपण इथवर आलो याचं अप्रूप मोठं होतं. डिसेंबर २०२२ मध्ये स्पेनमधल्या व्हॅलेन्सियाला नेशन्स कप जिंकून संघाने प्रो लीगचं दार उघडलं. ऑक्टोबर २०२३ मध्ये हांगझोऊच्याच आशियाई क्रीडास्पर्धांत जपानला २-१ असं हरवून कांस्य मिळवलं. त्या संघात वैष्णवी होती.

मग १९ जानेवारी २०२४ उजाडला. रांचीत, घरच्या प्रेक्षकांसमोर, त्याच जपानने १-० असं हरवलं आणि पॅरिस ऑलिंपिकची वाट बंद झाली. महिन्याभराने प्रशिक्षक यानेक शॉपमन पायउतार झाल्या. एप्रिलमध्ये हरेंद्र सिंग आले. ऑक्टोबरमध्ये राणी रामपालने निवृत्ती जाहीर केली, पुढच्या एप्रिलमध्ये वंदना कटारियाने. दहा-पंधरा वर्षं ज्यांच्या भरवशावर संघ उभा होता ते खांब एकेक करून निघाले.

नव्या बांधणीची पहिली फळं गोड होती. नोव्हेंबर २०२४ मध्ये राजगीरला आशियाई चॅम्पियन्स करंडकाच्या अंतिम सामन्यात भारताने ऑलिंपिक रौप्यविजेत्या चीनला १-० असं नमवलं. फेब्रुवारी २०२५ मध्ये भुवनेश्वरला ऑलिंपिक विजेत्या नेदरलँड्सला शूटआउटमध्ये हरवलं. पण जूनमधल्या युरोप दौऱ्यात हिशेब उलटा फिरला. आठही सामने हातचे गेले, त्यांतले निम्मे एकेका गोलाने. नऊ संघांच्या प्रो लीगमध्ये भारत तळाला राहिला आणि पुन्हा नेशन्स कपच्या पायरीवर उतरला.

सप्टेंबरचा आशिया चषक या पडझडीनंतरचा. अनुभवी गोलरक्षक सविता आणि ड्रॅग फ्लिकवर हुकमी गोल करणारी दीपिका, दोघीही दुखापतीमुळे नव्हत्या. तरी संघ अंतिम फेरीत पोचला. तिथे नवनीत कौरने पहिल्याच मिनिटाला पेनल्टी कॉर्नरवर गोल केला, आणि तिथून पुढे चीनने चार केले. रौप्यपदक मिळालं, विश्वचषकाचा थेट प्रवेश हुकला.

शेवटच्या मिनिटांची मुलगी

अशा संघाकडून पुढच्या हंगामात काय अपेक्षा ठेवायची? पदकांची भाषा थोडी बाजूला ठेवून खेळाडूंकडे पाहिलं तर काही गोष्टी दिसतात.

ऋतुजाचीच कारकीर्द घ्या. डिसेंबर २०२३ मध्ये चिलीतल्या सांतियागोला कनिष्ठ महिला विश्वचषकात नवव्या स्थानासाठी भारत-अमेरिका सामना शूटआउटवर गेला, तिथेही बरोबरी झाली, आणि ‘सडन डेथ’मध्ये निर्णायक चेंडू गोलात घातला तो ऋतुजाने. वर्षभराने महिलांची पहिली हॉकी इंडिया लीग झाली. २६ जानेवारी २०२५ रोजी रांचीत अंतिम सामना होता, ओडिशा वॉरियर्स विरुद्ध सूरमा. ओडिशाने तो २-१ असा जिंकला. दोन्ही गोल ऋतुजाचे, पहिला विसाव्या मिनिटाला, दुसरा ५६व्या. देशोदेशीच्या ऑलिंपिक खेळलेल्या मुली मैदानावर असताना पहिल्यावहिल्या लीगचा करंडक फलटणच्या मुलीच्या स्टिकवरून निघाला. आशिया चषकात जपानशी २-२ अशी बरोबरी झाली, त्यातला एक गोल तिचा, मध्यंतराच्या उंबरठ्यावर, तिसाव्या मिनिटाला. कोरियाविरुद्ध ५९व्या मिनिटाला.

एकेका गोलाने सामने हरणाऱ्या संघाला नेमकी हीच चीज कमी पडत होती. शेवटच्या पाच मिनिटांत पाय जड होतात, पास आंधळे होतात, आणि तेव्हाच डोकं शाबूत ठेवून ‘डी’मध्ये, गोलासमोरच्या अर्धवर्तुळात, पोचणारं कुणीतरी लागतं. आकडे पाहिले तर ऋतुजा त्या वेळेला सापडते.

वैष्णवीचं मोल वेगळं आहे. फलटण तालुक्यातल्या आसू गावच्या शेतकरी घरातली ही मुलगी बचावफळीतही खेळते आणि मधल्या फळीतही. राजगीरच्या विजेत्या संघात ती बचावपटू म्हणून होती, हांगझोऊला मधल्या फळीत. जून २०२२ मध्ये डब्लिनच्या पाच देशांच्या स्पर्धेत तिने २३ वर्षांखालच्या भारतीय संघाचं नेतृत्व केलं होतं. नव्याने जुळवल्या जाणाऱ्या संघात प्रशिक्षकाला सगळ्यात गरज असते ती अशा खेळाडूची. एक जागा रिकामी झाली की हिला तिथे सरकवायचं, म्हणजे बाकीची घडी विस्कटत नाही.

तिसरं नाव अक्षता आबासो ढेकळे. तीही फलटण तालुक्यातलीच, वाखरीची. २०२२ च्या एप्रिलमध्ये दक्षिण आफ्रिकेत पॉचेफस्ट्रूमला झालेल्या कनिष्ठ विश्वचषकात भारत चौथा आला, त्या संघात ती होती. जानेवारी २०२४ मध्ये मस्कतला पाच-पाच खेळाडूंच्या ‘हॉकी फाइव्हज’चा पहिला विश्वचषक झाला. भारताने रौप्य मिळवलं आणि त्या छोट्याशा चमूत अक्षता आणि ऋतुजा दोघी होत्या. अंतिम सामन्यात नेदरलँड्सने सात गोल चढवले. भारताच्या दोनांपैकी एक ऋतुजाचा.

एका तालुक्यातून तीन आंतरराष्ट्रीय खेळाडू, त्याही चार-पाच वर्षांच्या आत. हा योगायोग म्हणायचा का?

तालुक्यांचा संघ

भारतीय महिला हॉकीचा नकाशा काढला तर त्यावर महानगरं फारशी दिसत नाहीत. हरियाणातलं शाहबाद मार्कंडा हे एवढंसं गाव. तिथे बलदेव सिंग नावाचे प्रशिक्षक वर्षानुवर्षे पाय रोवून राहिले आणि राणी रामपालसह ऑलिंपिक खेळाडूंची रांग लागली. कर्णधार सलीमा टेटे झारखंडच्या सिमडेगा जिल्ह्यातल्या बडकी छापर गावची. तिकडे गावोगाव ‘खस्सी टूर्नामेंट’ होतात. जिंकणाऱ्या संघाला बक्षीस म्हणून बोकड मिळतो आणि संध्याकाळी तोच शिजतो. ओडिशातल्या सुंदरगढची तऱ्हा तीच. प्रत्येक ठिकाणी एक मैदान, एक न हलणारा माणूस आणि आपल्याच गावची कुणीतरी पुढे गेलेली मुलगी, एवढी सामग्री सापडते. फलटणलाही मुधोजी हायस्कूलसारख्या शाळेमुळे हॉकी रुजली, टिकली.

महाराष्ट्रात यापूर्वी हॉकी टिकली होती ती छावण्यांच्या आणि रेल्वेच्या आसऱ्याने. खडकीच्या दारूगोळा कारखान्याच्या वसाहतीत धनराज पिल्लेचे वडील मैदानाची देखभाल करायचे. पोरं मोडक्या स्टिक जोडून, टाकून दिलेल्या चेंडूंनी खेळायची. तिथून निघालेला धनराज १९९२ ते २००४ अशी चार ऑलिंपिक खेळला. त्याच खडकीने विक्रम पिल्ले दिला. मुलींमध्ये पुण्याची एलिझा नेल्सन रेल्वेकडून खेळत पुढे आली. १९८० च्या मॉस्को ऑलिंपिकमध्ये ती होती, आणि १९८२ च्या दिल्ली आशियाई स्पर्धांत भारताने सुवर्ण जिंकलं तेव्हा संघाची कर्णधार तीच होती. पुढच्या वर्षी तिला पद्मश्री मिळाली. आज पुण्यातही तिचं नाव किती मुलींना ठाऊक असेल, कोण जाणे.

ही साखळी तुटायला लागली ती गवताचं मैदान गेल्यावर. १९७६ ला माँट्रियलमध्ये ऑलिंपिक हॉकी पहिल्यांदा कृत्रिम मैदानावर झाली आणि भारत सातवा आला. तेव्हापासून मुरमाच्या मैदानावरची हॉकी आणि टर्फवरची हॉकी हे जवळजवळ दोन वेगळे खेळ झाले. मुरमावर चेंडू उसळतो, म्हणून मनगट सैल ठेवून तो आधी काबूत आणावा लागतो. टर्फवर तो घसरत, सरळ, वेगाने येतो. तिथे थांबायला वेळ नसतो, धाव आणि दम लागतो. वसाहतीतल्या पोरांकडे मनगट होतं, टर्फ नव्हतं.

स्टिक हातात येण्याआधी

मग आसू-वाखरीच्या मुली टर्फवर पोचल्या कशा? वाट क्रीडा प्रबोधिनीची. १९९४ च्या राष्ट्रीय क्रीडास्पर्धांसाठी पुण्यात बालेवाडीला जे शिवछत्रपती क्रीडासंकुल उभं राहिलं, तिथे राज्य सरकारची निवासी प्रबोधिनी चालते. या मुली तिथेच घडल्या.

प्रबोधिनीच्या निवडीची पद्धत पाहण्यासारखी आहे. लहानग्या मुलांची उंची आणि वजन घेतात, मेडिसिन बॉल फेकायला लावतात, जागेवरून लांब उडी, उभी उडी, तीस मीटर धाव, सहा गुणिले दहा मीटरची शटल रन, लवचिकतेची चाचणी आणि शेवटी आठशे मीटर. शाळेतले क्रीडाशिक्षक याला सरसकट ‘बॅटरी टेस्ट’ म्हणतात. या नऊ चाचण्यांत स्टिक कुठेच नाही. मुलीला हॉकी येते का, हे कुणी विचारत नाही. ती किती पळते, किती उडते, एवढंच पाहतात. खेळ नंतर ठरतो.

फलटण तालुक्यातल्याच सरडे गावचा प्रवीण जाधव याच वाटेने गेला. जिल्हा परिषदेच्या शाळेतल्या गुरुजींनी त्याच्यातला चिवटपणा हेरून त्याला प्रबोधिनीच्या वाटेला लावलं, पुढे त्याच्या हातात धनुष्य आलं, आणि तो टोकियो ऑलिंपिकपर्यंत गेला. मजुरी करणाऱ्या घरातल्या त्या पोराने तोवर तिरंदाजी पाहिलीसुद्धा नव्हती.

म्हणजे २०२६ च्या हंगामात भारताच्या मधल्या फळीत कोण खेळणार, याचा थोडासा निर्णय दहा-बारा वर्षांपूर्वी कुठल्यातरी शाळेच्या मैदानावर, चुन्याची रेघ मारून, शिट्टी वाजवून झालेला असतो. बंगळूरच्या ‘साई’ (भारतीय क्रीडा प्राधिकरण) केंद्रातल्या शिबिरात संघ जुळतो, पण पाया तिथे खणलेला नसतो.

पाबळहून नेहरूनगर

आता पाबळ. शिरूर तालुक्याचं पश्चिम टोक, खेडच्या शिवेला लागून. एक रस्ता शिक्रापूरला उतरतो, एक राजगुरुनगरला. कांदा-बाजरीचा, पावसाच्या भरवशाचा मुलूख. केंदूर, कान्हूर मेसाई आणि पाबळ ही नावं वर्तमानपत्रात एकत्र येतात ती बहुधा पाण्याच्या मागणीपायी. गावाची बाहेर ओळख दोन गोष्टींनी. एक मस्तानीची कबर, दुसरा विज्ञान आश्रम.

१९८३ मध्ये डॉ. श्रीनाथ कलबाग मुंबईतली बड्या कंपनीतली संशोधकाची नोकरी सोडून इथे आले. हाताने काम करत शिकलं तर शाळेबाहेर पडलेलं पोरही तंत्रज्ञ होतं, हे त्यांना दाखवायचं होतं. वेल्डिंग, सुतारकाम, वीजजोडणी, शेती हे सगळं पोरांनी गावची कामं करत शिकायचं. २००२ मध्ये अमेरिकेतल्या एमआयटी संस्थेने आपल्या आवाराबाहेरची पहिली ‘फॅब लॅब’ (डिजिटल यंत्रांची कार्यशाळा) सुरू केली ती याच पाबळमध्ये. नवं तंत्र पाबळच्या पोरांच्या हाती आलं, कारण ते हाती देणारा माणूस गावात येऊन राहिला होता.

हॉकीच्या नकाशावर मात्र पाबळ नाही. जवळचं टर्फ म्हणजे पिंपरीत नेहरूनगरचं मेजर ध्यानचंद स्टेडियम. अंतर पन्नासेक किलोमीटर, वाटेत चाकणची वाहनांची कोंडी. तिथे मोठमोठ्या स्पर्धा होतात. मार्च २०२४ मध्ये वरिष्ठ महिलांची राष्ट्रीय स्पर्धा इथेच झाली. महाराष्ट्राच्या मुली अंतिम फेरीत पोचल्या आणि हरियाणाकडून ०-३ अशा हरल्या. पण शाळा सुटल्यावर एसटीने जाऊन, सराव करून, रात्री मुक्कामाला परत येणं पाबळच्या बारा वर्षांच्या मुलीला जमणारं नाही. खडकीच्या पोरांना मैदान घराच्या दारात होतं. फलटणच्या मुलींना निदान पहिलं मैदान तरी जवळ सापडलं.

टर्फ गावात आणावं म्हटलं, तर खर्च कोटींत जातो आणि त्याची तहान वेगळीच. पाण्यावर चालणारं टर्फ सामन्याआधी आणि मध्यंतरात भिजवावं लागतं, तेही हजारो लिटर पाण्याने. टँकरची वाट पाहणाऱ्या गावात ते कोण मागणार? आंतरराष्ट्रीय महासंघही आता कमी पाण्याच्या किंवा कोरड्या टर्फकडे वळू लागला आहे, पण ते तालुक्याला पोचायला वेळ लागेल.

वाट कदाचित मस्कतकडून येईल. हॉकी फाइव्हजला पूर्ण मैदानाच्या निम्मी जागाही पुरते. चेंडू बाहेर जाऊ नये म्हणून कडेने फळ्या लावतात, आणि गोलासाठी ‘डी’मध्ये शिरण्याची सक्ती नाही. संघात दहा पोरी असल्या तरी भागतं. शाळेचं आवार बऱ्यापैकी मोठं असेल, तर तिथे हे मावेल. गोलाचे खांब आणि कडेच्या फळ्या बनवण्याची विद्या तर पाबळला चाळीस वर्षांपासून शिकवली जाते. राहता राहिल्या वीसेक स्टिक, गोलरक्षकाचे पॅड आणि संध्याकाळी साडेपाचला मैदानावर न चुकता येणारा कुणीतरी. यांतली शेवटची गोष्ट पैशाने मिळत नाही. शाळेत क्रीडाशिक्षकाची जागा रिकामी असेल, किंवा तोच निवडणुकीच्या आणि जनगणनेच्या कामाला जुंपलेला असेल, तर कसलं मैदान नि कसलं काय.

घरच्यांचा सवाल सरळ असतो. यातून पुढे काय? त्याला उत्तरं आहेत. दहावी-बारावीला क्रीडागुण आहेत, सरकारी नोकऱ्यांत खेळाडूंसाठी पाच टक्के आरक्षण आहे, रेल्वे आणि पोलीस दलाचे संघ आहेत. शेजारच्या दौंडला रेल्वेचं जंक्शन आणि राज्य राखीव पोलीस दल दोन्ही आहेत, त्यामुळे खेळातून मिळालेली नोकरी ही या भागात ऐकीव गोष्ट नाही. मुलींच्या बाबतीत अजून एक अडचण असते. चौदा-पंधराव्या वर्षी अंधार पडल्यावर घरी येणं बंद होतं. प्रबोधिनीसारखं वसतिगृह हे त्यावरचं उत्तर आहे, पण तिथवर पोचण्यासाठी आधी त्या नऊ चाचण्यांची खबर वेळेवर शाळेत पोचायला हवी.

पुढचं वर्ष

२०२५ ची दिवाळी हॉकीसाठी निराळी. ७ नोव्हेंबर २०२५ रोजी भारतीय हॉकीच्या संघटनेला शंभर वर्षं पूर्ण झाली. शंभरी साजरी होताना महिला संघ पुन्हा पहिल्या इयत्तेपासून धडे गिरवतोय. समोरचं वेळापत्रक दमवणारं आहे. आधी विश्वचषकाची पात्रता स्पर्धा. मग नेशन्स कप, जो जिंकला तरच प्रो लीगमध्ये परतता येईल. २०२६ च्या ऑगस्टमध्ये नेदरलँड्स आणि बेल्जियममध्ये विश्वचषक, आणि लगेच सप्टेंबरमध्ये जपानमध्ये आयची-नागोयाच्या आशियाई क्रीडास्पर्धा. तिथे सुवर्ण मिळालं तर २०२८ च्या लॉस एंजेलिसचं तिकीट थेट हातात. म्हणजे पुन्हा चीन, पुन्हा जपान.

तोवर या संघाला दोन गाठी सोडवाव्या लागतील. पेनल्टी कॉर्नरवर दीपिकाच्या एकटीच्या खांद्यावरचा भार वाटून घेणारी दुसरी ड्रॅग फ्लिकर उभी करणं, ही पहिली. पहिल्या मिनिटाला गोल मिळाल्यावर उरलेली ५९ मिनिटं चेंडू आपल्याकडे राखणं, ही दुसरी. दुसऱ्या गाठीशी वैष्णवीच्या मधल्या फळीचा थेट संबंध आहे, आणि सामना तुटेपर्यंत ताणला गेला तर ऋतुजाच्या शेवटच्या पाच मिनिटांचा.

दिवाळीची सुट्टी संपली की शाळा-शाळांत राहिलेल्या स्पर्धांची धांदल सुरू होईल. शालेय खेळांच्या यादीत नेहरू कप हॉकीचं नाव दरवर्षी असतंच. शिरूर तालुक्यातली एखादी शाळा त्या रकान्यात अकरा मुलींची नावं भरेल की रकाना कोराच ठेवेल, हे एखाद्या क्रीडाशिक्षकाच्या टेबलावर ठरेल. पात्रता स्पर्धेतून भारत पार झाला, तर पंधरा ऑगस्टला पाबळच्या शाळेत झेंडावंदन होऊन खाऊ वाटला जाईल, त्याच दिवशी तिकडे सातासमुद्रापार विश्वचषकाची शिट्टी वाजेल. निवडीची गणितं जुळली तर त्या संघाच्या यादीत पुन्हा एक ‘विठ्ठल’ आणि एक ‘दादासो’ असेल, आणि समालोचक पुन्हा अडखळेल.